दिशा आपण द्यायची नाही

दुपारी २

बर्कलीतला आमचा कामाचा दिवस दुपारी सुरू होतो, कारण त्यातले मोलाचे तास मध्यरात्रीनंतरचे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती धावणाऱ्या बार्टच्या गाड्या एक हजार व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात. गाडीने वेग घेतला की मोठा प्रवाह रुळांतून वाहतो, थोडा जमिनीतही झिरपतो, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र बरंच लांबवर पोचतं. गाड्या १९७२ साली सुरू झाल्या. त्याच दशकात इथल्या भूचुंबकत्वाच्या उपकरणांनी त्यांची चाहूल टिपली. पुढे शहरात ठिकठिकाणी चुंबकमापक बसवून घेतलेल्या नोंदींतही दिवसभर थरथरणारी रेघ दिसते आणि गाड्या बंद असतात त्या मधल्या रात्री ती शांत होते. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. त्यापुढे ही थरथर इतकी बारीक की होकायंत्राची सुई हलायची नाही. आमच्या अणूंना मात्र ती कळते.

म्हणून दुपारी फक्त मांडामांड. आधी लेझर. रुबिडियमचा अणू ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, तोही इतक्या अरुंद पट्ट्यात की लेझर जरा सरकला तर अणूंना तो दिसतच नाही. रुबिडियमच्या वाफेने भरलेल्या काचनळीशी ताडून लेझर त्या जागी बांधायचा. आम्ही त्याला ‘लॉक करणं’ म्हणतो. एअर कंडिशनिंगने खोलीचं तापमान अर्धा अंश हलवलं की आरसे हलतात आणि फायबरमधून येणारा प्रकाश मंदावतो. एकेक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. निर्वातमापकावर आकडा टॉरच्या एका अब्जांशाचा शंभरावा भाग दाखवतो आहे, म्हणजे आत गर्दी नाही. ठीक.

दुपारी ३.३०

गटातली नवी मुलगी फळ्यापाशी उभी आहे. आज रात्री ती माझ्याबरोबर मशीन चालवणार, म्हणून तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे. मला हे सांगायला आवडतं, आणि प्रत्येक वेळी माझीही समज एखाद्या कोपऱ्यात घट्ट होते.

रुबिडियम-८७ चा अणू त्याच्या सर्वांत खालच्या पातळीत एक छोटासा चुंबक असतो. चुंबकीय क्षेत्राच्या संदर्भात त्याच्या तीन अवस्था: क्षेत्राच्या बाजूने, क्षेत्राच्या विरुद्ध, आणि मधली शून्य. शून्य अवस्थेत अणूला कोणत्याच दिशेचं चुंबकत्व नाही. असे वीसेक लाख अणू निरपेक्ष शून्याच्या जवळ नेले की ते सगळे मिळून एकाच पुंज-अवस्थेत उतरतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांच्या गणनेची जी रीत मांडली आणि आइन्स्टाइन यांनी जी अणूंना लावली, तिच्यातून निघालेलं हे भाकीत. प्रत्यक्षात ते १९९५ च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे कॉर्नेल आणि वाइमन यांनी उतरवलं, तेही रुबिडियममध्येच. अणूंच्या अशा ढगाला कंडेन्सेट म्हणतात. त्यातून प्रवाह विनाघर्षण वाहतो, म्हणजे ते अतिप्रवाही आहे. आणि तिन्ही अवस्था मोकळ्या ठेवल्या तर ते चुंबकही होऊ शकतं.

इथे दोन ताकदी एकमेकींविरुद्ध ओढतात. बाहेरचं क्षेत्र मोठं असेल तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारी एक ऊर्जा अणूंना शून्य अवस्थेत धरून ठेवते. दोन गॉसला ही ऊर्जा २८० हर्ट्झच्या घरात. ऊर्जा हर्ट्झमध्ये बोलण्याची आमची सवय आहे, कारण शेवटी आम्ही मोजतो ती वारंवारता. दुसरी ताकद अणूंच्या आपापसातल्या टकरींची. दोन रुबिडियम अणू समांतर चुंबकत्वाने भेटले तर त्यांना किंचित कमी ऊर्जा पडते. रुबिडियम लोहचुंबकीय आहे तो एवढ्याचसाठी. हा फायदा दहा हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अर्ध्या नॅनोकेल्विनइतका. टकरींच्या एकूण ऊर्जेत त्याचा वाटा हजारात पाचेक.

तिने लगेच विचारलं: ढगाचं तापमान पन्नास नॅनोकेल्विन, चुंबकत्वाचा फायदा अर्धा. शंभरपट उष्णतेत ही शिस्त टिकते कशी?

हाच प्रश्न विचारायला हवा. साधा लोखंडी चुंबक तापवला की त्याची शिस्त मोडते, कारण उष्णतेचा प्रत्येक धक्का एकेका अणूशी स्वतंत्र व्यवहार करतो. कंडेन्सेटमधले अणू मात्र सुटे नाहीत. ते सगळे एकाच अवस्थेत आहेत, त्यामुळे एकेकाचा अर्धा नॅनोकेल्विन सुटा न राहता लाखोंच्या हिशेबाने मोजला जातो. अतिप्रवाहित्व आणि चुंबकत्व इथे शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन गोष्टी नाहीत, पहिलीच्या आधाराने दुसरी उभी आहे.

आता दोन गॉसचं क्षेत्र ५ मिलिसेकंदांत ५० मिलीगॉसवर आणलं, तर? शून्य अवस्थेत धरून ठेवणारी ताकद २८० हर्ट्झवरून ०.२ च्याही खाली जाते. अणू आहेत तिथेच आहेत, पण ती जागा आता त्यांच्या सोयीची नाही. या अचानक उतरवण्याला आम्ही क्वेंच म्हणतो. चुंबक व्हायचं हे ठरलं. कोणत्या दिशेला तोंड करून, हे ठरलेलं नाही. क्षेत्राला आडव्या असलेल्या पातळीतल्या सगळ्या दिशा सारख्याच स्वस्त आहेत.

हा प्रयोग पहिल्यांदा याच गावात झाला. सॅडलर, हिग्बी, लेस्ली, वेंगलत्तोर आणि स्टॅम्पर-कर्न यांचा निबंध २००६ साली ‘नेचर’मध्ये आला. क्वेंचनंतर चुंबकत्व घातांकी वेगाने वाढतं, दर पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास ‘ई’पट, आणि ढगात वेगवेगळ्या दिशांचे तुकडे उमटतात, हे त्यांनी प्रत्यक्ष चित्रांत दाखवलं. काही ठिकाणी चुंबकत्वाची दिशा एका बिंदूभोवती पूर्ण फेरी घेते, असे भोवरेही त्यांना सापडले. आजही मी तो निबंध काढून वाचते. त्यातली रंगीत चित्रं पाहूनच मी या कामाकडे वळले.

सायंकाळी ५

मशीन सुरू. लेझरच्या सहा किरणांनी वाफेतून अणू गोळा करायचे, चुंबकीय सापळ्यात घालायचे, सगळ्यांत तापट अणू उडवून देत उरलेल्यांना थंड करत जायचं आणि शेवटी एका अवरक्त किरणाच्या केंद्राशी ठेवायचं. प्रकाशाचा सापळा हवा, कारण चुंबकीय सापळा ठरावीक दिशेच्याच अणूंना धरतो आणि आम्हाला दिशा मोकळी हवी आहे. एका फेरीला मिनिटभर लागतं. पडद्यावर ढग दिसला: लांबी तीनशे मायक्रोमीटरहून थोडी जास्त, रुंदी पंचवीस, जाडी तीन. मुद्दाम असा चपटा. चुंबकत्वाची दिशा बदलायला ढगात किमान दोन-अडीच मायक्रोमीटर अंतर लागतं, त्यामुळे जाडीत ती बदलायला जागाच उरत नाही. जे घडेल ते एका पातळीत घडेल आणि वरून दिसेल.

सायंकाळी ७

आता दिवसातलं सगळ्यांत चिवट काम. बाहेरचं क्षेत्र ढगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं करायचं.

आकडा करून पाहिला तर हे का करायचं ते लगेच कळतं. समजा क्षेत्र दर सेंटिमीटरला एक मिलीगॉसने बदलतं आहे. कोणत्याही खोलीत, लोखंडी कपाटाच्या आसपास, यापेक्षा जास्त फरक सहज असतो. तीनशे मायक्रोमीटरच्या ढगावर त्याचा फरक पडतो ०.०३ मिलीगॉस. रुबिडियमचा स्पिन, म्हणजे अणूचा तो छोटासा चुंबक, दर मिलीगॉसला ७०० हर्ट्झने फिरतो, म्हणजे ढगाच्या दोन टोकांत एकवीस हर्ट्झची तफावत झाली. अणूंच्या आपसातल्या ओढीची ताकद दहा. खोलीतल्या कपाटाने दिलेली आज्ञा अणूंच्या स्वतःच्या इच्छेच्या दुप्पट मोठी! अशा ढगात उमटलेली नक्षी अणूंची नव्हे, कपाटाची.

शोधायची रीत मात्र देखणी आहे. एका रेडिओ स्पंदाने सगळे स्पिन क्षेत्राला आडवे करायचे, म्हणजे सगळे एका दिशेने फिरू लागतात. १०० मिलिसेकंद थांबायचं. मग चित्र घ्यायचं आणि दिशेनुसार रंग द्यायचा. क्षेत्र सारखं असेल तर अख्खा ढग एका रंगाचा. उतार असेल तर एक टोक पुढे गेलेलं, दुसरं मागे राहिलेलं, आणि ढगावर इंद्रधनुष्याचे पट्टे. वरच्या उदाहरणात साधारण दोन पूर्ण फेरे उमटतील. पट्टे मोजा, त्यावरून भरपाईच्या कॉइलमधला प्रवाह बदला, पुन्हा चित्र घ्या.

नवी मुलगी आकडे वाचते, मी नॉब फिरवते. पट्टे रुंद होत जातात, दीड फेरा, एक, अर्धा. मग दुसऱ्या अक्षाची पाळी. एक सुधारला की दुसरा किंचित बिघडतो. शेवटच्या टप्प्यात पट्टा म्हणावा असं काही उरत नाही, नुसती एका टोकाला निळ्याकडे झुकलेली छटा. तिला वाटलं, एवढं पुरे. पुरे नाही. ही छटा रात्री हजारो पटींनी वाढलेल्या चित्रात कुठे लपली आहे ते मग कुणालाच सांगता येणार नाही.

बाहेरून बघणाऱ्याला या दोन तासांत काहीच घडत नाही. मला विचाराल तर प्रयोग इथेच घडतो. रात्रीचा क्वेंच म्हणजे एका कॉइलचा प्रवाह बदलणं आहे, संगणक करतो. आपला प्रत्येक अजाणता हात त्या ढगावरून काढून घेणं मात्र संगणक करत नाही.

रात्री ९

जेवण. डब्यात मुगाची खिचडी आणि साताऱ्याहून आलेलं लिंबाचं लोणचं. मायक्रोवेव्ह ओव्हन प्रयोगशाळेपासून दोन खोल्या दूर आहे, मुद्दाम.

रात्री ९.४५

ढग आता शून्य अवस्थेत आणायचा आहे, आणि अगदी निखळ शून्य अवस्थेत. दोन गॉसच्या क्षेत्रात रेडिओ स्पंद देऊन अणू तिथे सरकवायचे आणि मागे राहिलेल्यांना क्षेत्राच्या उताराने दोन बाजूंना ओढून बाहेर काढायचं. नंतर तो उतार पूर्ण बंद.

निखळपणाचा हा हट्ट कशासाठी, ते सांगायला हवं. क्वेंचनंतर शून्य अवस्थेतले दोन अणू एकमेकांवर आदळतात आणि एक क्षेत्राच्या बाजूचा, एक विरुद्ध बाजूचा होऊन बाहेर पडतात. असे जितके अणू बाहेर असतील तितकी पुढची जोडी बाहेर पडण्याची शक्यता वाढते. वाढ घातांकी आहे ती याच कारणाने. आता सुरुवातीलाच चार चुकार अणू बाहेर राहिले असतील, तर वाढ त्यांच्यापासून सुरू होईल, आणि शेवटी जे चुंबकत्व दिसेल त्याची दिशा त्या चौघांनी ठरवलेली असेल.

मग एकही चुकार अणू नसेल तर? जुन्या यामिकीत उत्तर सोपं आहे: काहीच होणार नाही. ढग त्या गैरसोयीच्या जागी अनंतकाळ तोल सांभाळत बसेल. पुंज यामिकीत ते शक्य नाही. शून्य अवस्थेतल्या ढगाचं आडव्या दिशेचं चुंबकत्व सरासरीने शून्य असतं, पण ते अगदी शून्यावर स्थिर राहू शकत नाही. प्रत्येक अणूचा क्षेत्राच्या दिशेचा घटक नेमका शून्य असला की आडव्या दिशांचे घटक नेमके असूच शकत नाहीत. ही चढउतारांची कुजबुज कायम असते आणि क्वेंच तिलाच मोठं करतो. हॅनोव्हरच्या गटाने २०१० मध्ये रुबिडियमच्याच एका वरच्या पातळीत दाखवलं की सुरुवातीचा ढग पुरेसा स्वच्छ केला तर वाढ खरोखर या निर्वातातल्या चढउतारांपासून सुरू होते. माझ्या मते आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांत सुंदर निष्कर्षांपैकी तो एक आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

रात्री ११

साताऱ्याहून मामांचा फोन. तिथे सकाळचे साडेअकरा. मामा हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी प्रश्न निवृत्त झालेले नाहीत.

“जेवलीस का? बरं, मला सांग, परवा तू म्हणालीस की दिशा कुणी ठरवत नाही. हे मला पटत नाही. अगं, मी कवायतीला पोरं उभी करायचो. ‘वळा’ म्हणालो आणि डावं-उजवं सांगितलंच नाही, तर काय होईल? एखादं पोर आधी वळणारच. शेजारचं त्याच्याकडे बघून वळेल. मैदानाच्या त्या टोकाला दुसरंच पोर दुसरीकडे वळलेलं असेल. टोळकी टोळकी होतील. पण प्रत्येक टोळक्यात पहिलं वळणारं पोर असतंच की! म्हणजे ठरवणारा आहे.”

“मामा, टोळकी होतात ते अगदी तसंच. इकडची बातमी तिकडे पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात तिकडे वेगळं ठरलेलं असतं. पण तुमचं ते पहिलं पोर का वळलं? त्याला डाव्या बाजूची सवय असेल, किंवा तिकडे सावली असेल. आमच्याकडे सगळे अणू तंतोतंत एकसारखे आहेत, आणि सावली आम्ही संध्याकाळी सात वाजल्यापासून पुसत बसलो होतो. तरीही ते वळतात.”

फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “म्हणजे स्थिर उभं राहणंच निसर्गात मना आहे.”

“अगदी पूर्ण स्थिर, हो.”

“मग हे विश्वाच्या सुरुवातीलाही लागू पडलं पाहिजे.”

पडतंच. टॉम किबल यांनी १९७६ मध्ये हेच म्हटलं होतं: विश्व निवत असताना दूरदूरच्या भागांना एकमेकांशी बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून प्रत्येक भागाने आपापली निवड केली, आणि जिथे निवडी जुळल्या नाहीत तिथे दोष राहून गेले. व्होइचेक झुरेक यांनी १९८५ मध्ये तो विचार प्रयोगशाळेतल्या अतिप्रवाही हीलियमवर आणला. बदल जितका हळू, तितका बोलायला वेळ जास्त आणि टोळकी मोठी, असं त्यांचं गणित सांगतं.

असं काम पुण्यात कुठे होतं का, असं मामांनी विचारलं. मी सांगितलं की तिथल्या आयसर या संशोधनसंस्थेत रुबिडियमचं कंडेन्सेट करतात. “मग एक दिवस जाऊन दारातून तरी बघून येतो,” म्हणाले. बघून यावंच त्यांनी. त्या खोलीत शिरलं की आधी दिसतात त्या तारा आणि आरसे, पण मामांना त्यांतून वाट काढता येईल.

रात्री १२.४५

शेवटच्या गाड्या आपापल्या यार्डात पोचत आहेत. आमच्या मापकावरची रेघ अजून अधूनमधून उसळते, मग उसळ्यांमधलं अंतर वाढत जातं.

गाड्यांचा आम्हाला नेमका त्रास काय, तेही सांगते. गाड्या दूर आहेत, त्यामुळे ढगाच्या दोन टोकांत त्या फरक करत नाहीत. सगळ्या ढगाचं क्षेत्र त्या एकसारखं हलवतात. ५० मिलीगॉसला स्पिन सेकंदाला पस्तीस हजार फेरे घेतात आणि आमची चित्रं त्या फेऱ्यांशी सूर जुळवून घ्यावी लागतात. क्षेत्र एक मिलीगॉसने सरकलं की सूर ७०० हर्ट्झने चुकला. शून्य अवस्था साफ करण्याचे स्पंदही त्याच क्षेत्रावर बेतलेले असतात. संध्याकाळचं जुळवलेलं सगळं आता एकदा तपासून घ्यायचं. दोन आकडे बदलले, बाकी जागच्या जागी.

रात्री १.१५

पहिला शॉट. क्षेत्र दोन गॉसवरून ५० मिलीगॉसवर, ५ मिलिसेकंदांत. मग वाट बघायची: आधी ३० मिलिसेकंद, पुढच्या शॉटला ६०, मग ९०.

चित्र घेण्याची पद्धत अशी. अणूंच्या रंगापासून जरा बाजूला सरकवलेला वर्तुळध्रुवित प्रकाश ढगातून पाठवायचा. प्रकाशाच्या दिशेने स्पिन असेल तर प्रकाश थोडा जास्त मागे पडतो, विरुद्ध असेल तर कमी. प्रकाश अणूंना फारसा त्रास न देता जातो, म्हणून त्याच ढगाची एकामागून एक अनेक चित्रं घेता येतात. प्रत्येक ठिकाणचा स्पिन फिरतो आहे, त्यामुळे त्या ठिकाणचा उजेड चित्रांगणिक कमीजास्त होतो. त्या चढउतारावरून प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे मिळतात: चुंबकत्व किती आणि कोणत्या दिशेला. किती, ते उजेडाने दाखवायचं. कोणत्या दिशेला, ते रंगाने.

तीस मिलिसेकंदांना काळं चित्र. साठला काळोखात मळकट डाग. नव्वदला लाल, हिरवा, जांभळा, पिवळा. जवळजवळ दहा-दहा मायक्रोमीटरचे तुकडे, ढगाच्या लांबीवर एकामागे एक, आणि त्यांच्या मधल्या काही सीमांवर पुन्हा काळं. नवी मुलगी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. पुढचा शॉट: तसाच ढग, तेच आकडे, पण हिरवा होता तिथे आता सीमा, आणि टोकाला सलग निळा. त्यापुढचा पुन्हा वेगळा.

तुकड्यांचा आकार कुठून आला, हा तिचा पुढचा प्रश्न. सगळ्या लांबीच्या लाटा एकाच वेगाने वाढत नाहीत. फार आखूड लाट वाढवायला गतिज ऊर्जा जास्त लागते. फार लांब लाट सावकाश वाढते, कारण एकूण चुंबकत्व शून्यच राहायला हवं आणि त्याची देवाणघेवाण लांबवर करावी लागते. मधली एक लांबी सगळ्यांच्या पुढे निघते आणि घातांकी शर्यतीत थोडंसं पुढे असणं म्हणजे सगळंच जिंकणं. एकूण चुंबकत्व सांभाळण्याच्या या नियमानेच अख्खा ढग एका रंगाचा होत नाही. एका जागी जे मिळवलं ते दुसरीकडे फेडावं लागतं.

रात्री २.३०

आता खात्री करायची, आणि तिच्यात मला चित्रांइतकाच आनंद वाटतो. दिशा कुणी दिली नाही हे सिद्ध कसं करायचं? रंगांवरून सरळ सांगता येत नाही, कारण एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत सगळा ढग मिळून किती फिरला हे बाहेरच्या क्षेत्रावर अवलंबून आहे. म्हणून एकाच ढगातल्या दोन जागांची तुलना करायची: इथला रंग आणि पाच मायक्रोमीटर पलीकडचा रंग किती जुळतात, दहा पलीकडचा किती, वीस पलीकडचा किती. शिवाय सीमा कुठे पडतात ते शॉटगणिक नोंदवायचं. एकाच जागी पुन्हा पुन्हा सीमा पडत असेल तर तिथे काहीतरी आहे, सापळ्याच्या किरणावर धुळीचा कण असेल किंवा क्षेत्राचा उतार उरला असेल.

ढगाच्या डाव्या टोकाजवळ एक सीमा जरा जास्तच नेमाने येते, असं मला वाटलं. नवी मुलगी म्हणाली, योगायोग. पुढचे शॉट त्याच एका प्रश्नासाठी घेतले. सापळा आरशाने थोडा बाजूला सरकवला तर सीमाही सरकली, तेही आरशाच्या नव्हे, ढगाच्या प्रमाणात. म्हणजे दोष किरणात नव्हता. ढग टोकाकडे विरळ होत जातो, तिथे अणूंची आपसातली ओढ कमी पडते, म्हणून वाढ मागे राहते. हे अपेक्षितच आहे. तिने वहीत तसं लिहिलं. आता ही वही ती चालवेल.

पहाटे ३.४५

काही शॉट लांब वाट बघून घेतले. तुकडे उमटल्यावर पुढे काय? ते एकमेकांत मिसळत मोठे होतात. किती वेगाने, याला एक नियम असावा असा अंदाज आहे, आणि तो नियम पदार्थाच्या बारीकसारीक तपशिलांवर नव्हे तर कोणत्या दिशा मोकळ्या आहेत एवढ्यावरच ठरावा. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात विल्यमसन आणि ब्लेकी यांनी २०१६ मध्ये संगणकावर दाखवलं की चुंबकत्व वर-खाली अशा दोनच दिशांना असेल तर तुकड्याचा आकार काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो, आणि पातळीतल्या सगळ्या दिशा मोकळ्या असतील तर वाढ वेगळ्या नियमाने होते. हायडलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये एका लांबट, जवळजवळ एकमितीय रुबिडियम ढगात अशी स्वतःसारखीच राहून सरकणारी वाढ मोजली.

आमच्या हातात मात्र रुबिडियमची ती हजारात पाचेकची ओढ. वाढ सावकाश होते आणि ढग तोवर विरत जातो. लिथियम-७ मध्ये हीच ओढ एकूण टकरींच्या जवळजवळ निम्मी असते. दक्षिण कोरियात देजॉनच्या काइस्ट या संस्थेत लिथियमच्या सपाट ढगात ही वाढ मोजली गेली आणि ते निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे आलेख पाहून मला हेवा वाटला, आणि आनंदही. मूळ चित्र इथे निघालं, नियम तिथे मोजला गेला.

पहाटे ४.४०

पाचच्या सुमारास गाड्या सुरू होतील. शेवटचे काही शॉट उताराची पुन्हा तपासणी करण्यात घालवले. रात्रभरात क्षेत्र सरकलं असेल तर आजच्या चित्रांना तेवढी सूट द्यावी लागेल. १०० मिलिसेकंदांनंतर ढग एका रंगाचाच होता, टोकाला निळसर झाक तेवढी.

उद्याचं ठरवायचं होतं. झुरेक यांच्या गणिताप्रमाणे या संक्रमणात तुकड्यांचा आकार उतरवण्याच्या वेळेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढावा. म्हणजे आठपट हळू उतरवलं तर दुप्पट मोठे तुकडे. जॉर्जिया टेकच्या गटाने २०१६ मध्ये एका लहानशा रुबिडियम ढगात वेळेच्या बाजूने हे तपासलं. तुकड्यांच्या आकारात ते पाहायचं, हे आता आमचं काम आहे. नवी मुलगी म्हणाली, ५ ऐवजी ४० मिलिसेकंद करू या. ते चालणार नाही. वाढीची घडी पंधरा मिलिसेकंदांची, त्यापुढे ५ म्हणजे क्षणात. तिथून थोडं हळू केलं तर काहीच बदलणार नाही. ४० पासून सुरुवात करून ३२० पर्यंत जायला हवं.

आणि ३२० मिलिसेकंद म्हणजे क्षेत्राच्या उरलेल्या उतारालाही तितका वेळ मिळणार. आज १०० मिलिसेकंदांना जी निळी झाक फारशी आड आली नाही, ती तेव्हा आमच्या नक्षीत मिसळेल. उद्या संध्याकाळचं काम सातऐवजी पाचलाच धरायला हवं, आणि तिसऱ्या अक्षासाठी आणखी एक कॉइल गुंडाळावी लागेल. तांब्याची तार कपाटात आहे. कपाट आधी खोलीबाहेर नेऊ.

तिने यादी वहीत उतरवून घेतली आणि खाली स्वतःचा एक प्रश्न लिहिला: उतार मुद्दाम थोडा ठेवून, तो वाढवत नेला, तर अणूंची स्वतःची निवड कोणत्या आकड्याला हरते? हा प्रश्न चांगला आहे. आठवड्याच्या शेवटी त्यालाच एक रात्र देऊ, असं मी म्हणाले आणि लेझर बंद करायला घेतले.